पायाळू बाईची कंबर

धम्मशीला जन्मली ती पायांकडून. आधी पाय आले, डोकं शेवटी. धाड गावच्या सुईणीनं तिला उलटी धरून पाठीवर थापटी मारली आणि तिच्या आईला म्हणाली, "जनका, पायाळू पोरगी झाली तुले. आता लोकायच्या कमरा हिच्या पायाखाली."

पायाळू माणसानं लाथ लावली की धरलेली कंबर सुटते, उसण उतरते, असं त्या भागात सगळेच मानतात. पोरगी चालायला लागली तशी माणसं दारात यायला लागली. ओसरीत पालथी पडायची, सदरा वर करायची आणि वाट बघायची. जनकाबाई रोज घरात बुद्धवंदना म्हणणारी. गंडेदोरे, अंगारेधुपारे तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. पण लाथेचं तिला वेगळं वाटायचं. "हे काई देवाधर्माचं नाई," ती म्हणायची, "हा पायाचा गुन हाय."

धम्मशीलाला त्या पाठींची किळस यायची. घामानं चिकट झालेल्या, केसाळ, खरजेच्या डागांच्या पाठी. एकाच्या कंबरेवर पिकलेलं गळू होतं आणि ते चुकवून पाय ठेवायचा होता. लाथ लावून झाली की ती अंगणात जाऊन टाच मातीत घासायची, तरी ओल गेल्यासारखी वाटायची नाही. पोस्टमास्तर लक्ष्मीकांत यायचे ते स्वतःचं धुतलेलं पोतं घेऊन. ते पाठीवर अंथरायचे, मग म्हणायचे, "हं, मार पोरी." तिचा उघडा पाय त्यांच्या अंगाला लागू नये म्हणून ते पोतं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. ते तिच्या पायालाच समजलं. जनकाबाईनं चहाचं विचारलं की ते म्हणायचे, "आत्ताच घेऊन निघालो." एकदा तिनं मुद्दाम जोरात लाथ घातली. पोस्टमास्तर उठून कंबर हलवत म्हणाले, "वा, उतरली."

थोडी मोठी झाल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांची कंबर सुटायची ते गावभर सांगायचे. ज्यांची सुटायची नाही ते परत यायचे नाहीत, कुठं दुसरीकडं जायचे. आणि जे परत आले नाहीत ते सगळे आईच्या हिशेबात बरे झालेले असायचे. उसण अशीही चार दिवसांत उतरतेच. हे तिनं आईला बोलून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "तुह्याच पायाले तू काऊन नाव ठेवतं?" त्यानंतर तिनं लाथ लावायचं बंद केलं. दहावी झाली, बारावी झाली, पुढं एसटीत कंडक्टर म्हणून लागली, बुलढाण्याला राहायला आली, आणि पायाळू असल्याचं सासरी एक नवरा देवानंद सोडला तर कुणाला ठाऊकही नव्हतं.

मग तिचीच कंबर गेली.

वर्षानुवर्षं डुलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, मग मशीन आलं, तरी उभं राहणं तेच होतं. सुरुवातीला नुसती कंबर भरून यायची. नंतर दुखणं खाली उतरलं. डाव्या बुडातून निघायचं, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाजूनं थेट करंगळीपर्यंत, जणू आतून कुणी तापलेली तार ओढतंय. खोकली तरी कळ जायची. संडासला बसणं नको व्हायचं. गाडी खड्ड्यात गेली की ती वरचा दांडा धरून डोळे मिटायची आणि प्रवासी म्हणायचे, "बाई, तिकीट देता का?"

बुलढाण्यात हाडांच्या डॉक्टर होत्या, गार्गी मॅडम. त्यांनी तिला टेबलावर झोपवून पाय वर उचलून बघितला, अंगठा दाबायला लावला, टाचेवर चालवलं, एमआरआयचा फोटो काढून आणायला सांगितला. फोटो बघून म्हणाल्या, "ताई, मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय. घाबरण्यासारखं नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप कमी होतं. मी गोळ्या देते, व्यायाम शिकवते, ते रोज करायचे. चालणं सोडायचं नाही. झोपून राहायचं नाही."

"मालिश वगैरे?" देवानंदनं विचारलं. तो पंचायत समितीत कारकून होता. बायकोच्या दुखण्यासाठी रजा टाकून आला होता.

"मालिश करा, शेक घ्या. बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण कुणाला मणका ओढू देऊ नका, पाठीवर उभं राहू देऊ नका. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाऊल उचलता येईनासं झालं, किंवा लघवीचं भान राहिलं नाही, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्यावर टाकायचं नाही. तेव्हा ऑपरेशन लागतं."

एवढ्या बोलण्यातून देवानंदनं एकच शब्द घरी नेला. "ऑपरेशन म्हनल्या त्या," तो सगळ्यांना सांगू लागला. आणि ज्यानं ज्यानं ऐकलं त्यानं त्यानं सांगितलं की मणक्याला चाकू लावला की माणूस जन्माचा लुळा. प्रत्येकाकडं लुळा झालेला एक कुणाचा तरी मामा होता. आणि प्रत्येकाकडं एक उपाय होता.

व्यायाम तिनं आठवडाभर केले. फरक दिसेना. दुखणाऱ्या माणसाला महिने हा शब्द सहन होत नाही, हे तिला तेव्हा कळलं. देवानंद प्रेमळ होता. ती रात्री कुशीवर वळताना कण्हली की तोही उठून बसायचा. म्हणून तो नेईल तिथं ती गेली.

पहिलं आलं घोरपडीचं तेल. मोताळ्याकडच्या रस्त्यावर एक तंबू होता, तंबूच्या दारात वाळलेली घोरपड उलटी टांगलेली, आणि खाली काचेच्या बाटल्यांत पिवळट काहीतरी. घोरपड मारणं गुन्हा आहे हे पंचायत समितीतल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण त्यानं बाटली रुमालात गुंडाळून आणली आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं तिच्या कंबरेला चोळली. मेलेल्या उंदराचा वास. तो वास चादरीला लागला, उशीला लागला, तिच्या खाकी वर्दीला लागला. गाडीत लोक नाक मुरडून एकमेकांकडं संशयानं बघायचे. एका सकाळी अंथरुणात लाल मुंग्यांची रांग निघाली, तिच्या कंबरेकडं. तिनं बाटली नालीत ओतली. आठवड्यानं देवानंद दुसरा उपाय घेऊन आला.

नांदुऱ्याच्या एका मंगल कार्यालयात चुंबकाच्या गादीचं शिबिर होतं. टाय लावलेला माणूस माइकवर बोलत होता. म्हाताऱ्या बायांना एकेक करून स्टेजवर त्या गादीवर निजवायचे आणि विचारायचे, "आजी, हलकं वाटून राह्यलं का?" आजी म्हणायच्या, हाव. टाळ्या. एक आजी मात्र म्हणाली, "नाई बाप्पा, तसंच हाय." माइक तिच्या तोंडापासून अलगद सरकला आणि पुढच्या आजीकडं गेला. आधीच्या आजीला दोघांनी दंड धरून खाली उतरवलं, तशी ती जिना उतरता उतरता पुन्हा म्हणत होती, "तसंच हाय ना, खोटं कायले सांगू?" पण आता ते पहिल्या रांगेपलीकडं कुणाला ऐकू गेलं नाही. धम्मशीला उठली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिला आईची ओसरी आठवली होती.

जळवा लावणाऱ्या वैद्यबाई त्यातल्या त्यात सरळ होत्या. दवाखाना स्वच्छ, हात स्वच्छ. त्यांनी आधीच सांगितलं, "सुजेला थोडा फरक पडेल, खात्री देत नाही." पण रक्त पिऊन टम्म झालेली जळू त्यांनी स्टीलच्या वाटीत हळदीवर सोडली आणि तिनं धम्मशीलाचंच रक्त ओकून टाकलं, काळं, दाट. तिला दोन दिवस वरणाची वाटी हातात धरवेना. फरक पडला नाही तो नाहीच. त्याच बाईंकडं तिळाच्या तेलाची मालिश आणि वाफ घेतली, ती मात्र चांगली वाटली. दोन दिवस पाय हलका होता, तिसऱ्या दिवशी तार पुन्हा तापली. जे होतं ते होतं, ती खोटं बोलणारी नव्हती. ती प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची, "ज्याईले गुन नाई आला, त्याईचं काय झालं?" त्याचं उत्तर वैद्यबाई सोडल्या तर कुणी दिलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "ते येत नाहीत, त्यामुळं मलाही कळत नाही."

शेवटी किसनराव.

जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला, संत्र्याच्या बागेला लागून पत्र्याचं शेड होतं. गादी बसवणारे किसनराव म्हणून त्यांचं नाव पार मध्य प्रदेशापर्यंत गेलं होतं. रविवारी तिथं जत्रा भरायची. देवानंदच्या साहेबांचा मेहुणा तिथं बरा झाला होता. "ओढू देऊ नका म्हनल्या होत्या मॅडम," ती म्हणाली. "नुसतं पाहून तं येऊ," तो म्हणाला.

शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर ती दाराशीच थांबली. जमिनीवर रेक्झिनचे तुकडे अंथरलेले, तेलानं काळे पडलेले, त्यावर माणसांचे केस चिकटलेले. माशा. छताच्या लोखंडी कैचीला दोर बांधलेला, आणि तो धरून किसनराव एका माणसाच्या कंबरेवर उभे होते. जाडजूड, पन्नाशीचे, गालात तंबाखू. खालचा माणूस गुरासारखा हंबरत होता. मग दोघं गडी पुढं झाले, एकानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय ओढला. काहीतरी कट्टकन वाजलं. "बसली," किसनराव म्हणाले, खाली उतरले, कोपऱ्यात थुंकले, आणि एका टॉवेलानं त्याची पाठ पुसून त्याच टॉवेलानं पुढच्याची पुसली.

"मी नाई निजत इथं," धम्मशीला म्हणाली.

"नंबर तं येऊ दे," देवानंद म्हणाला. आणि शेजारच्या माणसाशी बोलता बोलता तो, का कोण जाणे, थोड्या अभिमानानं बोलून गेला, "आमची मंडळी पायाळू हाय."

हे शेडभर पसरायला किती वेळ लागतो. दोन बाया उठून तिच्या पाया पडल्या. तिनं पाय मागं घेतला तशी कळ मस्तकात गेली. थोड्या वेळानं एक गडी आला आणि म्हणाला, दादानं तुमाले आत बलावलं.

आत म्हणजे शेडमागची खोली. कूलर होता, सोफा होता. किसनराव सोफ्यावर बसले ते हात टेकून, एक बूड आधी, मग दुसरं, जसं ती स्वतः बसायची. सदरा वर करून त्यांनी पोटावरचा रुंद पट्टा सैल केला. दवाखान्यातला पट्टा होता तो. तसाच गार्गी मॅडमनी तिला दिला होता.

"बसा बाई. देवानंदभाऊ, तुमी बी बसा," ते म्हणाले. चहा आला. "पायाळू, ते बी बाईमानूस, अन् सरकारी नोकरीतली. लोकायचा लय इश्वास बसते. रविवारी येत जा. मी बसवतो, शेवटी तुमी नुसता पाय लावायचा. बाया माह्यासमोर लाजतात, त्या तुमच्याकडे येतीन. देन्याघेन्याचं आपन पाहून घेऊ."

"मीच कंबर धरून आली तुमच्याकडे," धम्मशीला म्हणाली.

"ते कोनाले सांगायचं नाई."

"माहा पाय बरा होईन का?"

किसनराव बशीत चहा ओतत होते. त्यांनी तो फुंकला, एक घोट घेतला, आणि घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "तुमी आता आपल्याच झाल्या म्हनून खरं सांगतो. नस दबली असंन तं ओढून काई होत नाई. मले बी तेच हाय. मी अकोल्याले जाऊन सुई घेतली मनक्यात, हा पट्टा तिथचाच. तुमी बी डॉक्टरलेच दाखवा."

"मंग हे बाहेर?"

"बाहेरच्यातले निम्मे आपोआपच बरे व्हनार असतात बाई, मी हात लावो का नोको लावो. बाकीचे मंग येतच नाईत." त्यांनी बशी ठेवली. चेहऱ्यावर लाज नव्हती, लबाडीही नव्हती. बाजारात भाजीचा भाव सांगतात तसा चेहरा. "मानूस दुखन्यानं पागल होते. त्याले कोनीतरी हात लावनारा पाह्यजे. आपन लावतो."

या माणसाला सगळं ठाऊक होतं. धम्मशीलानं पोरवयात ओसरीत उभं राहून जे ओळखलं होतं, ते यालाही ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच तो दोर धरून लोकांच्या कंबरेवर चढत होता. तिनं देवानंदकडं बघितलं. तो आता उठेल, चला म्हणेल, असं तिला वाटलं.

"विचार करून सांगतो दादा," देवानंद म्हणाला.

ती चहा तसाच ठेवून बाहेर आली. बाहेर शेडच्या टोकाला, बाकीच्यांपासून थोडं लांब, एक म्हातारा पालथा पडला होता. त्याच्याभोवतीची माणसं तोंडाला रुमाल लावून सरकून बसली होती. कशासाठी ते तिला जवळ गेल्यावर कळलं. धोतर ओलं होतं, खालचं रेक्झिन ओलं होतं, त्यावर माशा बसत होत्या. त्याची बायको गोधडीचं टोक पुन्हा पुन्हा त्याच्यावर ओढत होती आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. नाव कलाबाई. म्हाताऱ्याचं नाव जानराव. संग्रामपूरकडून आले होते.

"कवापासून होऊन राह्यलं असं?" धम्मशीलानं विचारलं.

"काल वढलं ना बाई. तवापासून समजतच नाई त्याईले." कलाबाई हळू आवाजात म्हणाली. "पन दादाचे मानसं म्हनतात, शीर मोकळी होऊन राह्यली, म्हनून पानी सुटते. चांगलं लक्षन हाय म्हनते. आज आखरी वढाई हाय."

धम्मशीला म्हाताऱ्यापाशी एका हातावर रेटा देऊन खाली बसली. उजवं पाऊल सैल पडलं होतं, पोटरीला लटकल्यासारखं. "बाबा, पाय वर करा बरं. पंजा." म्हाताऱ्यानं जोर केला. मांडी हलली, पंजा हलला नाही. "बसायच्या जागी हात लावला तं समजते का?"

जानरावनं तोंड भिंतीकडं वळवलं. "तिथं लाकूड झालं बाई," तो म्हणाला. "काईच नाई."

तिला गार्गी मॅडमचे शब्द जसेच्या तसे आठवले. ती कलाबाईला म्हणाली, "यायले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. आज. उद्या नाई."

कलाबाई घाबरली. "मधातून उठून गेलं तं उलटं होते म्हनते. अन् डॉक्टर कापते, मंग मानूस उठत नाई."

गड्यांपैकी एकजण जवळ येऊन उभा राहिला. देवानंदही आला होता. त्यानं तिचा दंड धरला आणि कानाशी म्हणाला, "आपल्याले काय करायचं? त्याईचं ते पाहतीन. चाल, गाडी जाईन."

"तुमी डॉक्टरीनबाईसमोर बसले होते ना?" ती म्हणाली. "ऐकलं होतं ना सगळं?"

त्यानं तिचा दंड सोडला. तेवढ्यात कलाबाईनं तिच्या पावलाला हात लावला. "बाई, तुमीच त्या पायाळू ना? तुमी एक डाव पाय लावा यायले. तुमी लावला की मंग म्हनसान तिथं नेतो."

धम्मशीला उभी राहिली. तिला त्या बाईची चीड आली. नंतर वाटलं, ही तरी काय करणार. ती मोठ्यानं सांगू शकली असती की माझ्या पायात काही नाही, मी स्वतः लंगडत आले, आतला तो माणूसही अकोल्याला सुया घेतो. सगळं खरं होतं. आणि ते ऐकून कलाबाई जागची हलली नसती. म्हातारा आखरी ओढाईसाठी तसाच पडून राहिला असता. पोरवयात सोडलेली गोष्ट तिला आता करायची होती, आणि ती केल्यावर ही बाई जन्मभर तीच खरी मानणार होती.

तिनं चप्पल काढली. देवानंदच्या खांद्यावर हात टाकला. दुखरा पाय वर उचलला तशी कंबरेपासून करंगळीपर्यंत तार पेटली. तो पाय तिनं म्हाताऱ्याच्या पाठीवर टेकवला. कातडी गार होती, ओली होती, हाडं हाताशी लागावीत तशी पायाला लागली. आजूबाजूच्या चारदोन बायांनी हात जोडले. तिला स्वतःचीच किळस आली.

"उचला आता," ती म्हणाली.

कलाबाई लगेच उठली. ज्या जीपवाल्यानं रुग्ण आणून सोडले होते त्यालाच देवानंदनं गाठलं. गडी काही बोलायला लागला तेव्हा देवानंद त्याला म्हणाला, "पायाळू बाईचा सबूद हाय, मधात येऊ नोको बे," आणि धम्मशीलाला तेही ऐकवलं नाही. पण म्हाताऱ्याला उचलायला कुणी पुढं येईना, तेव्हा देवानंदनंच त्याला काखेत धरून उचललं. जळगाव जामोदच्या दवाखान्यापर्यंत जानरावचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि त्याची पँट ओली झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, पाच मिनिटांत रुग्णवाहिका बोलावली आणि अकोल्याला धाडलं. त्यांनी कलाबाईला एवढंच विचारलं, "इतका उशीर का केला?" कलाबाईनं धम्मशीलाकडं बोट केलं. "या बाईनं पाय लावला तवा तं निघता आलं."

परतताना नांदुऱ्याच्या स्टँडवर धम्मशीला नळाखाली पाय धरून उभी राहिली. देवानंद पिशवी घेऊन मागं उभा होता.

"मी त्या किसनरावले हो म्हनलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाई बी म्हनले नव्हते."

बुलढाण्यापर्यंत दोघं शेजारी बसून आले. दुसऱ्या दिवशी तोच तिला गार्गी मॅडमकडं घेऊन गेला. व्यायामाचा कागद हरवला होता, तो पुन्हा मागून घेतला, आणि या खेपेला त्यानं सगळं ऐकलं.

व्यायाम म्हणजे काही मोठं नव्हतं. सतरंजीवर पालथं पडायचं, कोपरांवर उठायचं. उताणं पडून कंबर उचलायची. सकाळ-संध्याकाळ, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही. त्यात ना वास, ना चमत्कार. डेपोतल्या महिला विश्रांतिगृहात ती पालथी पडली की बाकीच्या हसायच्या. महिना असाच गेला. दुसऱ्या महिन्यात तार पोटरीपर्यंतच येऊन थांबायला लागली. मग मांडीपर्यंत. कंबर अजूनही भरते, पावसाळी हवेत जास्त. ती पूर्ण बरी झाली असं ती कुणाला सांगत नाही. व्यायामानं झालं की आपोआप झालं असतं, हेही तिला ठामपणे सांगता येत नाही. तिनं मॅडमना तसं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन्ही असेल ताई." तिला ते उत्तर आवडलं.

जानरावचं ऑपरेशन झालं होतं. लघवीचं भान हळूहळू परत आलं. उजवं पाऊल मात्र ओढत राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवस आधी आणलं असतं तर कदाचित तेही वाचलं असतं. हे सगळं तिला कलाबाईकडूनच कळलं, कारण उन्हाळ्यात एका दुपारी कलाबाई पत्ता शोधत तिच्या दारी आली. सोबत ओटीचं सामान, आणि कंबर धरलेला भाचा.

"बुढ्याले तुमच्या पायाचाच गुन आला," ती म्हणाली. "डॉक्टरनं चिरलं म्हनून पाय लुळा राह्यला, नाई तं तो बी चांगला झाला असता. आता याले एक डाव पाय लावा."

धम्मशीलानं तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. लाथेत काही नाही. आपण खोटं केलं ते तिनं उठावं म्हणून. म्हाताऱ्याला वाचवलं ते डॉक्टरांनी, आणि पाय गेला तो त्या शेडमध्ये. कलाबाई मान हलवत ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हनजे आज वार बरोबर नाई का?" भाच्याला धम्मशीलानं गार्गी मॅडमचा पत्ता लिहून दिला. तो गेला की नाही ते तिला कळलं नाही. ओटीचं सामान तिनं परत केलं, ते कलाबाई उंबऱ्यावर ठेवून गेली.

आता धम्मशीलाची ड्यूटी पुष्कळदा जळगाव जामोदच्या गाडीवर लागते. रविवारी ती गाडी कंबरा धरलेल्या माणसांनी भरते. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चढतात, कण्हत बसतात. किसनरावांची गर्दी वाढली आहे. सुरुवातीला तिनं त्यांना अडवायचा प्रयत्न केला. लोक म्हणाले, बाई, तुमी तिकीट द्या. मग तिनं अडवणं सोडलं, आणि तिकीट देताना प्रत्येकाला फक्त दोन गोष्टी विचारायला सुरुवात केली. पंजा उचलता येते का? लघवी समजते का? नाही म्हणालात तर तिकडं जाऊ नका, गाडी दवाखान्यासमोर उभी करते.

पुरुष ओशाळून खिडकीबाहेर बघायचे. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं डेपोत लेखी तक्रार दिली, की महिला वाहक प्रवाशांना भर गाडीत घाणेरडे प्रश्न विचारते. मॅनेजरनं तिला बोलावलं.

"हे खरं आहे का?"

"हो साहेब."

"शोभतं का बाईमाणसाला?"

"नाई शोभत," धम्मशीला म्हणाली.

तोंडी समज देऊन त्यांनी तिला सोडलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच गाडीवर होती. मोताळा सोडल्यावर ती मागच्या बाकापासून सुरुवात करत पुढं आली. मध्ये एक जाडी बाई कंबरेला ओढणी आवळून बसली होती. धम्मशीलानं तिकीट दिलं आणि विचारलं. बाईनं ऐकलं, तोंड वाकडं केलं, "शी," म्हणाली, आणि उठून दोन सीट पुढं जाऊन बसली. उठताना तिला दोन्ही हातांनी दांडा धरावा लागला, पण पंजे दोन्ही नीट उचलले जात होते. धम्मशीलानं ते पाहून घेतलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसापाशी मशीन घेऊन उभी राहिली.